तांब्याभर पाणी

२१ नोव्हेंबर

ही नव्या वर्षाची डायरी कृषी केंद्रवाल्यानं दिवाळीतच देऊन ठेवली. नवं वर्ष लागाले टाइम आहे, पण माणूस आत्ताच मोडला, म्हणून छापलेल्या तारखा खोडून लिहून राहिलो. पहिल्या पानावर नाव-पत्ता मागतेत. नाव लिहिलं, चंपतराव रेवतकर. वय सहासष्ट. पत्त्यापाशी पेन थांबला. नरखेडजवळचं गाव लिहू का हा नागपूरचा फ्लॅट लिहू? कोरा ठेवला.

तीस वर्षं झाली, डायरीत मी बागेशिवाय काही लिहिलं नाही. संत्र्याले पाणी कधी सोडलं, कधी तोडलं, फवारा कोणता मारला. आता बाग तिकडं अन् मी इकडं. दोन तारखेले सांजच्या वेळी मोटरसायकलवर वावरातून येत होतो, रानातला रोही आडवा आला. रोही पळून गेला, माह्या डाव्या मांडीच्या हाडाचे तीन तुकडे झाले. नागपूरच्या दवाखान्यात सळई टाकली अन् मंग ऋषिकेशच्या घरी आणलं. एकुलता एक पोरगा, दुसरीकडं कुठं जाईन? दुसरा माळा, लिफ्ट नाही. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून वर चढवलं. तवाच मनात आलं, चंपत, आता उतरशील तं आपल्या पायानं, नाही तं परत चौघंच लागतीन.

डॉक्टर म्हणते दीड महिना डावा पाय जमिनीले टेकवायचा नाही.

२३ नोव्हेंबर

बायकोले, जिजाले, मीच गावाले परत पाठवलं. बिचारी पंधरा दिवस दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून होती. म्हटलं, "दोघंही इथं बसलो तं बाग कोण पाहीन? म्हैस कोण पाहीन?" ती म्हणे, "अन् तुमाले कोण पाहीन?" म्हटलं, "पोरगा आहे." पोरगा आहे, पण सकाळी साडेआठले कंपनीत जाते अन् रात्री आठले येते, हे मी धरलंच नाही.

ऋषिकेशनं दिवसभरासाठी एक माणूस लावला होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं मले उठवे. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "चाल, निंघ इथून." आता दुसरा भेटून नाही राहिला. माहं तोंड! जिजा म्हणतेच, तुमच्या तोंडानं तुमचं जितकं नुकसान केलं तितकं गारपिटीनं नाही केलं.

म्हणजे दिवसभर घरात दोघंच, मी अन् सून वैभवी. तिचं कम्प्युटरचं काम, घरूनच करते. पोरगी चांगली आहे, बोलाले गोड आहे, पण सून आहे. आमच्याकडं सासरा खाकरल्याबिगर सैपाकघरात पाय टाकत नाही. सुनेले चुकून धक्का लागला तं दिवसभर मान वर होत नाही. अन् ही म्हणते, "बाबा, भांडं मी देते न. त्यात काय एवढं?" लघवीचं भांडं! सून देईन अन् सूनच नेऊन ओतीन! त्याच्यापेक्षा मेलेलं बरं.

२४ नोव्हेंबर

आज रविवार. ऋषिकेशनं चाकाच्या खुर्चीवर संडासात नेलं. म्हटलं, "जाय तू बाहेर," अन् आतून कडी लावली. बावीस दिवसांत पहिल्यांदा एकटा बसलो. काय सांगू बाप्पा, जिवाले काय थंडावा वाटला! पण निंघायच्या वेळी खुर्चीचं चाक मोरीच्या जाळीत फसलं अन् कडी राहिली हातभर लांब. अर्धा घंटा आत. बाहेरून पोरगा ओरडून राहिला, सून ओरडून राहिली, बाजूचे मार्तंडराव तं अग्निशामक बोलवाले निंघाले. शेवटी दार खिळखिळं करून मले काढलं.

जेवण झाल्यावर ऋषिकेशनं पेचकस घेतला अन् कडीच काढून टाकली. "बाबा, सेफ्टीचा सवाल आहे." लहानपणी हाच पोट्टा दाराआड लपून बिड्या प्याचा, तवा मी याची कडी नव्हती काढली.

दारावर आता चार भोकं आहेत. इथं लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही. ज्या दिवशी त्या दाराले कडी लागीन, अन् मी आपल्या पायानं जाऊन ती आतून लावीन, त्या दिवशी समजायचं का चंपत माणसात आला. चालणं-पळणं मंगचं.

३० नोव्हेंबर

जिजाले फोन केला. आंबिया बहाराचा ताण द्यायची वेळ झाली. "आजपासून मोटरीले हात लावायचा नाही. झाडं दीड महिना तहानेली राहिली पायजे, पान पिवळं पडलं पायजे. संक्रांतीले मी येतो अन् माह्या हातानं पाणी सोडतो. मंगच फूल फुटते." ती म्हणे, "चाळीस वर्षं पाहून राहिली मी. मले नका शिकवू."

बागेचं पाणी बंद.

माहंही बंद. गोष्ट सोपी आहे. सकाळी ऋषिकेश निंघायच्या आधी सगळं उरकून घ्यायचं. मंग रात्री तो येईपर्यंत तोंडात पाणी नाही घ्यायचं. वरून गेलं नाही तं खालून येईन कुठून? झाडं दीड महिना काढतेत, मी बारा घंटे नाही काढणार? वैभवी सकाळी उशाशी पाण्याची मोठी बाटली अन् तांब्या ठेवून जाते. खिडकीत तिच्या कढीत टाकाच्या गोडनिंबाची कुंडी आहे, पडल्या पडल्या हात पुरते. बाटली त्या कुंडीत.

४ डिसेंबर

जमून राहिलं. दुपारी जीभ टाळूले चिकटते, बाकी काही नाही. वैभवीनं विचारलं, "बाबा, बाटली संपली?" म्हटलं, "संपली." खोटं तं नाही बोललो.

६ डिसेंबर

कसरत कराले नूपुर मॅडम येतेत, एक दिवसाआड. वीस-बावीसची पोरगी, पण आवाज फौजदाराचा. "आजोबा, टाच दाबा. आजोबा, श्वास रोखू नका." कमरेले कॅनव्हासचा रुंद पट्टा बांधते अन् तो मांगून धरून उभं करते. आज वॉकर धरून उजव्या पायावर वीस सेकंद उभा राहिलो. घामाघूम झालो. इतका घाम तं कापसाची पराटी उपटताना नाही आला कधी.

जाताना म्हणे, "पाणी भरपूर प्या, आजोबा." म्हटलं, "हो हो."

११ डिसेंबर

या घरात जेवणाले चव नाही राहिली. वरणात डाळ बुडी मारून शोधा लागते. पोळीसंगं नुसता रस्सा, भातावर कढी, कढीवर ताक. परवा तं भाजीच नाही, टमाट्याचं सार वाटीभर. शिकलेली पोरगी, कम्प्युटरवर अमेरिकेशी बोलते, पण हात पातळ. जिजाच्या हातचं घट्ट वरण आठवलं अन् डोळ्यात पाणी आलं.

ऋषिकेशच्या ताटात वरण घट्ट होतं, मी पाहिलं. बसल्या माणसाले कमी घालायचं असं असीन त्यांचं.

चार वाजता दोन संत्री सोलून देते. जिजानं एसटीनं पेटी पाठवली, त्यातली. माह्या बागेचं फळ, त्याले नाही कसं म्हणू? खातो.

१७ डिसेंबर

दिवस ढळत नाही. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवरच्या टाक्या दिसतेत. अकरा आहेत. एक टाकी रोज दहा वाजता भरून वाहते, वीस मिनिटं धो धो. कोणी मोटर बंद करत नाही. तहानेल्या माणसाच्या डोळ्यापुढं! आज ओरडलो खिडकीतून, "अरे मोटर बंद करा रे!" कोणाले ऐकू गेलं नाही. वैभवी तेवढी धावत आली.

सकाळी साडेआठ ते रात्री आठ मी या पलंगावर. उजव्या हाताले भिंत, डाव्या हाताले वॉकर, समोर कपाट. कपाटाच्या आरशात मीच दिसतो. गावात मी चार वाजता उठून बागेत जाचो. कोणाले विचारलं नाही कधी का जाऊ का. इथं कूस बदलाची तं आवाज द्या लागते. मले भेव वाटते. हे कोणापाशी बोललो नाही, इथं लिहितो. पाय जुळूनही मी असाच राहिलो तं?

लघवीचा रंग चहासारखा झाला. ऋषिकेशले दिसू नाही म्हणून लाइट लावू नाही दिला.

२२ डिसेंबर

गोडनिंब पिवळा पडला. खालची पानं गळून राहिली. हा ताणाचा पिवळा नाही, हा पाण्याचा पिवळा आहे, मले समजते. मुळ्या कुजल्या. उभ्या जन्मात मी एक झाड जास्तीच्या पाण्यानं नाही मारलं, अन् आता रोज डोळ्यादेखत मारून राहिलो. पाप लागीन. पण बाटली दुसरीकडं कुठं ओतू?

दुपारी वैभवी ताकाचा ग्लास घेऊन आली, तिसरा. डोकंच फिरलं. "कायले सारखं ताक ताक लावलं वं? मी काय वासरू आहे?" ग्लास परत केला. पोरीचे डोळे भरले. कुंडीकडं पाहिलं अन् निंघून गेली. जेवणाच्या वक्ती आम्ही दोघंही खालीच पाहून राहिलो.

२४ डिसेंबर

नूपुर मॅडमनं उभं केलं अन् डोळ्यापुढं अंधार. पट्टा होता म्हणून वाचलो. थंडी वाजून राहिली. दोन गोधड्या घेतल्या तरी वाजते.

२९ डिसेंबर

दवाखान्यातून लिहितो. अक्षर वाईट आहे. ताप मेंदूत जायचाच बाकी होता म्हणे. लघवीत इन्फेक्शन, अंगातलं पाणी खतम. दोन्ही हाताले सलाइन लावलं. अन् ज्याच्यासाठी सारा खटाटोप केला तेच झालं. नळी टाकली. पलंगाखाली पिशवी लटकवली, सगळ्या वार्डासमोर. येणारा-जाणारा पाहते. झाडूवाली बाई पिशवी पाहून नर्सले सांगते, "भरली वं." सुनेपासून लपवाले गेलो अन् गावाले दाखवलं.

डॉक्टरनं ऋषिकेशले बाहेर नेऊन झापलं. मी आतून ऐकलं. पोरगा मान खाली घालून उभा होता. त्याची काय चूक?

३० डिसेंबर

जिजा पहिल्या एसटीनं आली. वैभवीनं तिले सगळं सांगतलेलं दिसलं. आल्या आल्या पदर खोचून उभी राहिली. वाटलं रडीन. रडली नाही.

म्हणे, "झाडाले ताण देतेत तं फुलासाठी देतेत. तुमी कोणत्या फुलासाठी ताण दिला स्वतःले?"

म्हटलं, "हळू बोल, लोक ऐकतेत."

"ऐकू द्या! सत्तरीले आलं हे झाड, अन् पाणी तोडते! मी मेली होती का? आवाज नाही देता येत होता?"

"तूच तं नव्हती."

"कोणं पाठवलं मले?"

मंग ती पलंगावर बसली अन् माह्या पायाचे अंगठे दाबत राहिली. चाळीस वर्षांत मी तिले असं सगळ्यांसमोर नसतं करू दिलं. म्हटलं, "राहा न इथंच." ती म्हणे, "आता झाडं अर्ध्यावर आहेत. सोडून आली तं वाळतीन. तुमीच सांगतलं होतं." हे असं आपलंच बोलणं आपल्या गळ्यात येते.

३ जानेवारी

घरी आणलं. परत चौघं, परत तीच खुर्ची. नळी काढली. आता डावा पाय थोडा टेकवाची परवानगी आहे.

खिडकीतली कुंडी गायब. वैभवीले विचारलं. म्हणाली, "गोडनिंब गेला, बाबा. त्याला मी आठवड्यातून दोनदाच पाणी द्यायची, तरी माती रोज ओली. मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलले असते तर तुम्ही ताकपण बंद केलं असतं."

मी डोकं धरून बसलो. म्हणजे ते वरण, ते सार, ती कढी! अन् मी या डायरीत काय काय लिहिलं! ते पान फाडून टाकणार होतो. नाही फाडलं. राहू दे, माणसाले आपली अक्कल दिसली पायजे.

"तेव्हाच ऋषिकेशला सांगायला पाहिजे होतं मी," ती म्हणाली. "वाटलं, तुमची लाज ठेवावी. माझंच चुकलं." अन् आता ती खरंच रडली. मले सुचेना काय करू. सुनेच्या डोक्यावर हात ठेवाले काय हरकत होती? पण हात नाही उचलला.

मंग तिनं नूपुर मॅडमचा पट्टा काढला. "बाबा, ऐका. हा पट्टा तुम्ही स्वतः बांधायचा. मी मागून पट्ट्याचं टोक धरीन. तुम्हाला हात लावणार नाही. तुम्ही पुढं पाहायचं, मी मागं. दार लोटून घ्यायचं. झालं की दारावर जोरात थाप मारायची."

मी विचार केला. अंगाले हात लागत नाही, पट्ट्याले लागते. याच्यात कोणाची काय हरकत असणार? बैलाचा कासरा कोणीही धरते.

४ जानेवारी

अकरा वाजता गेलो. चौदा पावलं. पट्टा मांगून ताणलेला होता, तिनं सैल नाही सोडला. दार लोटलं अन् लगेच सैपाकघरात मिक्सर सुरू झाला. थाप मारली तसा बंद झाला. तीन वाजता गेलो तं परत मिक्सर. या पोरीले नेमकं त्याच वक्ती वाटण-घाटण सुचते.

१० जानेवारी

जिजानं ताण तोडला! मले न विचारता! चार दिवस आधी! फोनवर भडकलो, "तारीख काय ठरली होती?"

"तारीख नाही पाहिली मी. पान पाहिलं. पाव हिस्सा पानं गळाली. वाट पाहिली असती तं डांगा वाळल्या असत्या. पहिलं पाणी हलकं सोडलं, घाबरू नका."

हलकं सोडलं हे बरोबर केलं. मीही तसंच केलं असतं. पण मी नव्हतो न तिथं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाणी सुटलं अन् माही चप्पल ओली नाही झाली. माह्याबिगर बाग अडली नाही याचा आनंद व्हाले पायजे होता. नाही झाला.

१४ जानेवारी

संक्रांत. गावाले जाणार होतो, इथंच आहे. मार्तंडराव तिळगूळ घेऊन आले, "गोड बोला" म्हणाले, अन् ऋषिकेश असा हसला का मलेही हसू आलं.

आज पट्ट्याबिगर गेलो. वॉकर अन् मी. वैभवी मांगं होती, पण हात बांधून. चौदा पावलं जाताना, चौदा येताना. डॉक्टर म्हणते जिने मार्चच्या आधी नाही. म्हणजे अजून दोन महिने हीच भिंत, हेच कपाट, हाच आरसा. पहिल्या पानावर पत्त्याच्या जागी गावाचं नाव लिहिलं. पेन्सिलनं.

घरात चार बरण्या चटणी झाली. जवसाची, शेंगदाण्याची, खोबऱ्याची, कऱ्हाळाची. म्हटलं, "पोरी, इतकी चटणी कोण खाईन?" लाजली अन् आत गेली.

५ फेब्रुवारी

जिजानं फोनवर फोटो पाठवला. बाग फुलली. डांगा दिसत नाही इतकं फूल. दहादा पाहिला. फोटोत वास येत नाही. या दिवसात बांधावर उभं राहिलं का डोकं सुन्न होते इतका वास राहते, अन् मी इथं फिनाइलच्या वासात. तिले फोन केला. म्हटलं, "चांगलं केलं वं. माह्यापेक्षा चांगलं केलं."

सकाळी ऋषिकेश गेल्यावर ठोकठाक ऐकू आली. पाहतो तं वैभवी संडासच्या दारापाशी मांडी घालून बसलेली. हातात पेचकस, दातात दोन स्क्रू, मोबाइलवर कोणी माणूस कडी कशी लावाची ते शिकवून राहिला. घंटाभर खटपट केली. जुन्या चार भोकांले हात नाही लावला. कडी खाली लावली, बसल्या माणसाचा हात पुरते तिथं. उठली, हात झटकले, म्हणाली, "बाबा, पाहा बरं बसते का नीट."

वॉकर घेऊन गेलो. दार लावलं. कडी लावली. उघडली. परत लावली. अन् बसून राहिलो. काही करायचं नव्हतं, नुसता बसलो. बाहेर मिक्सर सुरू झाला, अन् आज कुठं डोक्यात उजेड पडला, तो महिनाभर कायले चालून राहिला ते. चटणीसाठी नाही! मंग मी आत बसून रडलो, चांगला पोटभर. मिक्सर होता, ऐकू गेलं नसीन.

निंघताना पाहिलं. कडीले बाहेरच्या अंगानं एक खाच आहे. रुपया घालून फिरवला तं बाहेरून उघडते. अन् फ्रिजवर दोन दिवसांपासून एक रुपया पडलेला मी पाहून राहिलो, कोणी उचलत नाही. पोरीले वाटते बुढ्याले समजलं नाही. राहू दे तसंच.

दुपारी तीनले मीच आवाज दिला, "वैभवी, तांब्याभर पाणी दे वं." तिनं आणून दिलं अन् उभी राहिली. तिच्यासमोरच पेलो, सगळा तांब्या.